एसी हवा थंड करतो, बदलत नाही

मोबाइलवर फिरणारा एक मजकूर असा आहे: "घरात एसी असेल तर खिडक्या उघडूच नका. एसी बाहेरची ताजी हवा आत ओढतो, ती गाळून शुद्ध करतो, दमटपणाही काढतो. खिडकी उघडली तर सगळी वीज वाया जाते आणि कंप्रेसर जळतो." यातली काही विधानं साफ चुकीची आहेत, काही अर्धी खरी. अर्धी खरी विधानंच लोकांना पटतात, आणि मग महिनोन् महिने बेडरूमची खिडकी उघडलीच जात नाही. म्हणून एकेक विधान तपासू.

"एसी बाहेरची ताजी हवा आत ओढतो"

स्प्लिट एसीत हवा आत यायला वाटच नसते. भिंतीतल्या भोकातून काय काय जातं ते पाहा: तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड आणि एक बारीक, विजेची वायर, आणि पाण्याचा ड्रेन पाइप. नळ्यांमध्ये गॅस फिरतो. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतला ब्लोअर खोलीतलीच हवा वरून ओढतो, थंड कॉइलवरून नेतो आणि खालून सोडतो. बाहेरच्या युनिटचा पंखा बाहेरची हवा बाहेरच्याच कॉइलवर मारतो. विंडो एसीला व्हेंटची छोटी झडप असते, पण तिच्यातून जाणारी हवा थोडीच. मोठ्या इमारतींच्या केंद्रीय यंत्रणेत बाहेरची हवा घेणारं डक्ट असतं. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.

हवा बदलली नाही तर काय होतं, ते आकड्यांत मांडता येतं. खोली १० बाय १२ फूट आणि छत १० फूट उंच धरा, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचा मिळून २४ लिटर. खोली पूर्ण हवाबंद असती तर पातळी दर तासाला ७०० पीपीएमने (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) चढली असती. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत-जात राहते. तासाला खोलीतली तीन-दशांश हवा बदलते असं धरलं, तरी आठ तासांनी पातळी २५०० पीपीएमच्या आसपास पोहोचते. बाहेर ती ४२५ च्या आसपास असते.

२५०० म्हणजे विषबाधा नव्हे. कामाच्या जागी आठ तासांसाठी ५००० ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. पण हा आकडा सांगतो की तुम्ही एकमेकांची उच्छ्वासाची हवा पुन्हा पुन्हा घेत आहात. सकाळचं जड डोकं आणि कोंदट वास यामागे बऱ्याचदा हेच असतं. नव्या फर्निचरच्या गोंदातून आणि रंगातून निघणारी रसायनं, तसंच सर्दी-फ्लूचे विषाणू, हेही त्याच हवेत साचतात. २०२० च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना कोविड झाला. एसी त्या टेबलांवरून तीच हवा फिरवत होता आणि बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती.

"एसी हवा गाळून शुद्ध करतो"

पुढचं झाकण उघडल्यावर दिसते ती नायलॉनची जाळी. ती केस, कापडाचे तंतू आणि मोठी धूळ अडवते, म्हणजे कॉइलचं रक्षण करते. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक धुळीचे आणि धुराचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. ते जाळीतून आरपार जातात. बारीक धूर गाळायला हेपा, म्हणजे अगदी सूक्ष्म कण अडवणारा दाट फिल्टर लागतो आणि ते काम एअर प्युरिफायरचं. कार्बन डायऑक्साइड मात्र हेपासुद्धा काढत नाही.

मजकुरातलं सगळ्यात धोकादायक विधान हेच आहे. त्यावर विसंबून लोक बंद एसी खोलीत डासांची कॉइल किंवा धूप लावतात. तो धूर रात्रभर खोलीतच फिरत राहतो. कोळशाची शेगडी किंवा धुराडं नसलेला गॅस हीटर बंद खोलीत पेटवणं तर जिवावर बेतू शकतं. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि कुठलाही एसी तो काढत नाही.

जाळी वापराच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी धुवा. पाणी मागच्या बाजूने सोडा, म्हणजे धूळ आली तशीच बाहेर पडेल. पुढून सोडलं तर ती जाळीत घट्ट बसते. सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवा. जाळी तुंबली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तो वितळून पाणी भिंतीवरून ओघळतं.

"एसी दमटपणा काढतो"

हे खरं आहे, पण अटींसह. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते. कॉइल हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल तोवरच तिच्यावर पाणी साचतं आणि ड्रेनमधून जातं. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असला तर खोली काही मिनिटांतच थंड होते, कंप्रेसर थांबतो, आणि पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. खोली थंड पण चिकट वाटते, ती यामुळे. इन्व्हर्टर एसी (कंप्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारा) फार हळू चालला तरी कॉइल पुरेशी थंड राहत नाही. अशा वेळी तापमान आणखी खाली ओढण्यापेक्षा दमटपणा काढण्यासाठीचा ड्राय मोड लावावा.

आता खिडकीची बाजू. पावसाळी रात्री बाहेर २६ अंश असतात, गार वाटतं, म्हणून लोक एसी बंद करून खिडकी उघडतात. पण २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम बाष्प असतं. २५ अंश आणि ५० टक्क्यांच्या खोलीत सुमारे ११.५ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दुप्पट ओलावा आत येतो, आणि थंड भिंती, कपाटाची मागची बाजू, गादीची खालची बाजू इथे बुरशीला आमंत्रण मिळतं. खिडकी किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवताना तापमानाबरोबर दवबिंदूही बघा; हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो असतो. बाहेरचा दवबिंदू १६-१७ अंशांच्या खाली आणि बाहेर गार असेल तर खिडकी बिनधास्त उघडी ठेवा, एसीची गरजच नाही. २२ च्या वर असेल तर हवा बदला, पण थोडा वेळच.

"खिडकी उघडली तर सगळी वीज वाया जाते"

किती वेळ उघडली, यावर सगळं अवलंबून आहे. बाहेर ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५० टक्के, असा चांगलाच वाईट दिवस घ्या. खोलीतली ३४ घनमीटर हवा पूर्ण बदलली तर ती पुन्हा थंड करायला सुमारे ०.११ युनिट (विजेसारखंच, म्हणजे किलोवॉट-तासात मोजलेली) उष्णता काढावी लागते आणि आलेलं बाष्प काढायला आणखी ०.२८, म्हणजे एकूण ०.४ युनिटच्या आत. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. खर्च झाला ०.१३ युनिट वीज. भिंती, फरशी आणि गादी थोड्या वेळात फारशा तापत नाहीत, म्हणून खोली पुन्हा लवकर गार होते.

याउलट, एसी चालू ठेवून खिडकी रात्रभर बोटभर उघडी ठेवण्याचा सल्लाही फिरतो. त्या फटीतून तासाला तीन वेळा हवा बदलली तर त्याच हवामानात आठ तासांत तीन युनिटांहून जास्त वीज जाते. वारा पडला तर हवाही बदलत नाही. थोडा वेळ पूर्ण उघडणं हे तासन् तास फट ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

"कंप्रेसर जळतो"

जळत नाही. तो जास्त वेळ चालतो, इतकंच. दमट हवेत आतल्या युनिटच्या झडपांवर पाण्याचे थेंब जमून खाली टपकू शकतात. कंप्रेसरला खरा त्रास होतो तो गॅस कमी झाल्याने, बाहेरची कॉइल धुळीने भरल्याने आणि विजेच्या चढउताराने.

मग हवा बदलायची कशी? झोपण्याआधी आणि उठल्यावर १० मिनिटं खोलीची खिडकी आणि समोरच्या बाजूची दुसरी खिडकी पूर्ण उघडा, मधली दारंही उघडी ठेवा. एकाच बाजूची खिडकी उघडली तर हवा खोलीत फार आत पोहोचत नाही. खिडकीची जाळी धुळीने भरलेली असेल तर आधी ती पुसा. एक हिशेब ध्यानात ठेवा: खोलीच्या आकारमानाएवढी हवा आत आली तरी जुनी हवा ६३ टक्केच जाते, कारण नवी जुनीत मिसळत राहते. ९५ टक्के जायला तिप्पट हवा लागते. वारा नसेल तर १० मिनिटं पुरत नाहीत. बाथरूमचा एक्झॉस्ट लावा आणि बेडरूमची खिडकी उघडा, म्हणजे तो बाहेरची हवा खोलीतून ओढेल. खिडकी बंद ठेवून एक्झॉस्ट लावला तर तो जिन्यातली किंवा बाथरूमच्या मोरीच्या जाळीतली हवा ओढतो.

सकाळी एसी थांबवताना खिडकी उघडून फॅन मोड २० मिनिटं चालवा. कॉइल आणि ब्लोअर वाळतात, ओलावा खोलीत साठत नाही, आणि ब्लोअरवर काळी बुरशी धरायचं प्रमाण घटतं.

बाहेर धूर असेल तर मात्र खिडक्या बंद ठेवणंच योग्य. रस्त्यालगतच्या घरात गर्दीची वेळ टाळा. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत दबून राहतो आणि ऊन चढल्यावर वर पसरतो, म्हणून त्या दिवसांत दुपारी उघडा आणि उरलेला वेळ प्युरिफायर चालवा.

अंदाजावर भरवसा नसेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, पण एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने हा वायू थेट मोजणारा) असलेलाच. स्वस्त मीटर वासावरून आकडा रचतात आणि परफ्यूम मारलं तरी चढतात. मीटर आधी बाहेर मोकळ्या हवेत २० मिनिटं ठेवा. ४०० ते ४५० दाखवला तर ठीक, नाहीतर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा आकडा जुळवून घ्या. मग तो पलंगाच्या उंचीवर, तोंडापासून निदान मीटरभर लांब ठेवा. रात्रभरात १००० च्या वर फार जात असेल तर झोपताना बेडरूमचं दार उघडं ठेवून पाहा. खोलीला घराच्या उरलेल्या हवेचा आधार मिळतो, आकडा बराच खाली येतो, आणि खिडकी बंदच राहते.