न्यूयॉर्कचं विमान आणि ग्रुपवरचं 'गुपित'

यवतमाळकडच्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मुंबईहून विमान रात्री दीडला निघतं आणि सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला पोचतं, म्हणजे प्रवास खरा सहाच तासांचा. पृथ्वी फिरते, त्यामुळे विमान हवेत नुसतं तरंगलं तरी अमेरिका आपोआप खाली येते. आणि कंपन्या भाडं उकळायला मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "खरं असन म्हनून पाठोलं भाऊ."

सहा तासांचं आधी उरकू. साडेसात ही न्यूयॉर्कची वेळ. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. सहा अधिक साडेदहा, झाले साडेसोळा.

पृथ्वीचा मुद्दा खोडायला अमेरिकेपर्यंत जायचं काम नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. नागपूरच्या अक्षांशावर तो वेग ताशी सुमारे 1,560 किलोमीटर भरतो. प्रवासी विमान पळतं ताशी 900 च्या आसपास. मेसेज खरा असता तर मुंबईहून सुटलेलं विमान नागपूरला कधी पोचलंच नसतं. नागपूरच पुढे पळत राहिलं असतं. प्रत्यक्षात ते दीडेक तासात सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरतं, आणि परत जायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. जमिनीसोबत हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही, एवढंच.

बरं, मेसेजच्या हिशेबाने न्यूयॉर्कला जाणं झटपट आणि येणं रखडत व्हायला हवं. होतं नेमकं उलट! येताना वेळ वाचवतो तो वरचा वारा. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही वर. आपल्याला त्यांची झळ माहीत आहे. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवा, याच वाऱ्यांसोबत येतात, त्यात बंगालच्या उपसागराचा ओलावा मिसळला की फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते आणि काढणीला आलेला हरभरा, संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) मातीत जातो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झालं, तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा लवकर पोचलं. या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, तेवढं श्रेय मेसेजवाल्याला देऊन टाकू.

राहिला वळसा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. तो आपसूक वर, रशियाकडे सरकतो. ही वाट सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात 'सरळ' दिसणारी रेघ धरली तर सुमारे 14,200! त्या नकाशात ग्रीनलँड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. खरं तर भारतच मोठा आहे.

आणि भाडं? विमानाचं तिकीट एसटीसारखं टप्प्यावर ठरत नाही. लांबून नेलं तर इंधन कंपनीचंच जास्त जळतं. खरा वळसा पडतो तो आकाश बंद झाल्यावर. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबून जावं लागलं. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच नाही.