फ्लॉवरची पाने छाटू नका, मुळाशी मीठ ओतू नका

व्हॉट्सॲपवर सध्या फिरणाऱ्या एका चित्रफितीत परसबागेतल्या फ्लॉवरविषयी चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत. फ्लॉवर बारा महिने लावता येतो. गड्डा दिसू लागताच भोवतीची पाने कापावीत, म्हणजे झाडाचा सगळा जोर गड्ड्यात उतरतो. दर आठवड्याला मुळाशी मिठाचे पाणी घातले की कीड लागत नाही. आणि बाजारातला पांढराशुभ्र गड्डा रसायनात बुडवलेलाच असतो. ही चित्रफीत साताऱ्याला माझ्या धाकट्या जावेपर्यंत पोहोचली आणि तिने ती मनोभावे अमलात आणली. लिंबाएवढे गड्डे धरलेल्या रोपांची आतली पानेसुद्धा तिने कात्रीने छाटली होती, वाफ्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता आणि गड्डे पिवळे पडून वाढायचे थांबले होते. हे पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

पाने छाटण्याचा सल्ला यांत सर्वांत निरर्थक आहे. गड्डा म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याच्या दाट फांद्यांचा पुंजका. त्याला लागणारे अन्न भोवतीची पानेच तयार करतात. म्हणून गड्डा धरण्यापूर्वी पानांचा घेर जेवढा भरघोस, तेवढा गड्डा मोठा. याची उलट बाजू शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे: गादीवाफ्यावर, म्हणजे रोपे तयार करण्याच्या उंच वाफ्यावर, रखडलेली जून रोपे लावली किंवा नत्र कमी पडले, तर पाने खुरटी राहतात आणि बटणाएवढेच गड्डे येतात. या विकृतीला ‘बटनिंग’ असेच म्हणतात. जी उणीव टाळण्यासाठी लोक भरपूर शेणखत घालतात आणि चार-पाच आठवड्यांची रोपे निवडून लावतात, तीच कात्रीने ओढवून घ्यायला सांगणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी फ्लॉवर पिकवला आहे का, असा प्रश्न मला पडतो. शिवाय आतली पाने गड्ड्यावर सावली धरतात. ऊन थेट लागले की गड्डा पिवळा पडतो. म्हणून जाणकार माणूस काढणीच्या चार-पाच दिवस आधी बाहेरची पाने वर घेऊन सैलसर बांधतो आणि आत ओल साचून कुजत तर नाही ना, हे रोज पाहतो. पांढरेपणा येतो तो असा. त्यासाठी रसायनाची गरज नसते. एवढे मात्र मान्य करावे लागेल की जमिनीला टेकलेली पिवळी पाने किंवा कडेपासून आत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पिवळे डाग पडलेली, घाण्या रोगाची पाने काढून टाकावीत.

मिठाचे नुकसान तर एका हंगामापुरतेही राहत नाही. मातीतले क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही आणि सोडियममुळे काळ्या मातीची घडण मोडून ती चिकट होते, तिचा निचरा थांबतो. अशी सोडियमने बिघडलेली, म्हणजे चोपण, जमीन कशी असते, हे कृष्णाकाठच्या कोणत्याही ऊस उत्पादकाला विचारावे. ती सुधारण्यासाठी जिप्सम घालून वर्षानुवर्षे खटपट करावी लागते. चिरलेला फ्लॉवर कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला की अळ्या बाहेर येतात, हे खरे, पण ते स्वयंपाकघरात. गड्ड्यावर तपकिरी डाग पडत असतील आणि दांडा आतून पोकळ होत असेल, तर बोरॉन कमी पडलेला असतो. त्यावर बोरॅक्स हेक्टरी १० ते १५ किलो देतात, म्हणजे एका चौरस मीटरला जेमतेम एक-दीड ग्रॅम. तेही चिमटीने, अंदाजाने टाकू नये.

बारा महिन्यांच्या दाव्याला भारतीय कृषी संशोधन संस्थेने केलेली जातींची वर्गवारी पुरेसे उत्तर आहे. १८२२ मध्ये सहारनपूरच्या बागेत विलायती फ्लॉवर आला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांत आपल्या उष्ण हवेला सरावलेले वाण तयार झाले. आज लवकर येणाऱ्या गटाला गड्डा धरताना २० ते २७ अंश सेल्सिअस तापमान चालते, तर उशिरा, थंडीत येणाऱ्या स्नोबॉल गटाला १० ते १६ अंश लागते. स्नोबॉल उन्हाळ्यात लावला तर नुसती पाने वाढत राहतात. पुसा दीपालीसारखा लवकरचा वाण थंडीत उशिरा लावला तर पुन्हा बटणेच हाती येतात. त्यामुळे नुसते ‘फ्लॉवर’ एवढेच छापलेले बियाण्याचे पाकीट घेऊ नये, वाणाचे नाव पाहावे.

बाजारातल्या फ्लॉवरवर कीटकनाशके वारंवार फवारली जातात, ही भीती मात्र खोटी नाही, कारण ज्याच्या अळ्या फ्लॉवरची पाने खातात तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग अनेक औषधांना दाद देईनासा झाला आहे. घरच्या वाफ्यात त्यासाठी मीठ नको. रोपे लावण्याच्या सुमारे पंधरा दिवस आधी कडेने मोहरीची एक ओळ पेरावी, म्हणजे पतंग तिच्यावर अंडी घालतो. पानांच्या खालच्या बाजूच्या अळ्या हाताने वेचाव्यात आणि पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारावा.