नेटच्या तयारीइतकाच हाताचा सराव हवा
सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांनी पीएच.डी.साठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या अभ्यासालाच सर्वाधिक वेळ द्यावा, हे एका लेखातील मत मला पटले नाही. पुण्यातील एका प्रयोगशाळेत रोगप्रतिकारशास्त्रावर काम सुरू केले तेव्हा पहिले चार महिने माझ्या हाती काहीच लागले नाही. संध्याकाळी गुलाबी दिसणारे, पेशी वाढवण्याचे द्रव माध्यम सकाळी पिवळे आणि गढूळ झालेले असे, आणि जिवाणूंचा शिरकाव नेमका कुठून होतो हे शोधताना पिपेट धरण्यापासून सगळे नव्याने शिकावे लागले. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफची (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची) रक्कम २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, ही समाधानाची बाब आहेच, परंतु एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच प्रत्येक विद्यार्थ्याला सलग सहा महिने पेशीसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे काम, स्वतःच्या हाताने करायला मिळावे, अशी विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे.