डेन्मार्क म्हणून हसलात ना?

सकाळपासून डोकं फिरलंय. काल रात्री शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ऑस्ट्रेलियाचे सार्वकालिक दहा क्रिकेटपटू’ निवडायला बसलो. चाळिशी उलटलेले आठ बाप्ये, आणि रात्री दीड वाजेपर्यंत वाद कसला, तर फास्ट बोलर लिली वर की मॅग्रा वर. मी मध्येच त्यांच्या महिला टीमची जुनी कॅप्टन बेलिंडा क्लार्क हिचं नाव टाकलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका महाभागाने लिहिलं, “डेन्मार्कची बोलिंग तर मीपण फोडली असती.”

तू? तुला गल्लीत अंडरआर्म टाकला तरी पहिला बॉल ट्रायल मागायचास!

१६ डिसेंबर १९९७. मंगळवार. वांद्रे पूर्वेचं एमआयजीचं मैदान. महिलांचा वर्ल्ड कप चालू होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. सकाळची शाळा सुटली की आम्ही दप्तरासकट त्या रस्त्याने यायचो. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे राहिलो. ऑस्ट्रेलियाची कॅप्टन बेलिंडा डेन्मार्कविरुद्ध खेळत होती. एक फटका असा सरपटत आला की बॉल जाळीच्या बुडाशी आपटला आणि आमची बोटं आपोआप मागे आली. मग कुणीतरी म्हणालं, “बायकांची मॅच आहे रे, चल.” आणि आम्ही वडापाव खायला गेलो.

नाबाद २२९. १५५ चेंडूंत. वनडेतलं जगातलं पहिलं द्विशतक.

आता त्यानंतरचं ऐका. २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर. सचिनचे नाबाद २००. मी स्वतः ऑफिसात पेढे वाटले, ‘वनडेत दोनशे करणारा जगातला पहिला’ म्हणून. साहित्य सहवासात वाढलेला आपला पोरगा, छाती फुगणारच. पण जगातलं पहिलं द्विशतक त्याच वांद्रे पूर्वेत बारा वर्षं आधी झालं होतं, आणि ते अर्धवट सोडून पेढे वाटणारा हाच गाढव खायला गेला होता. पुढे २०१४ मध्ये बोरिवलीच्या रोहितने २६४ ठोकेपर्यंत वनडेत त्या २२९ च्या वर कुणीच गेलं नव्हतं, ना पुरुष ना बाई.

डेन्मार्क दुबळी टीम होती, ४९ मध्ये गुंडाळली. मान्य. पण मग ब्रॅडमनचं काय करायचं? १९४७-४८ मध्ये आपली नवखी टीम तिकडे गेली तेव्हा त्याने पाच कसोटींत ७१५ धावा कुटल्या. त्या धावा त्याच्या ९९.९४ च्या कसोटी सरासरीतच आहेत ना? की दुबळ्यांविरुद्धच्या म्हणून वजा केल्यात? (त्याच मालिकेत ॲडलेडला विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं केली. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.)

ब्रॅडमन पहिला, त्यावर वाद नाहीच. आपल्यापैकी कुणी त्याचा एक चेंडू मैदानावर बघितलेला नाही, तरी पहिला. वॉर्न दुसरा. सिडनीला पदार्पणात शास्त्रीने दोनशे काढले, वॉर्नच्या नावावर दीडशे धावांत एकच विकेट, तीही शास्त्रीचीच. मग ७०८ विकेटपर्यंत गेला. आणि गिलख्रिस्ट... त्याचं नाव काढलं की माझा राग जरा उतरतो. २००१, वानखेडे. ५ बाद ९९ वरून त्याने ११२ चेंडूंत १२२ केल्या. तीन दिवसांत मॅच संपली. मी टीव्हीसमोर शिव्या घालत होतो आणि मनातून म्हणत होतो, अजून मार. पुढच्याच कसोटीत कोलकात्यात दोन्ही डावांत पहिल्या बॉलवर भोपळा, तरी काल कुणी म्हणालं नाही की त्याला काढा. आपल्याला ज्याने रडवलं, तो आपल्या यादीत पक्का. बेलिंडाने आपल्याला रडवलं नाही, कारण आपण बघतच नव्हतो.

एका डावावर कुणी टॉप टेनमध्ये जात नाही, हेही ठीक. पण बॉर्डर तुमच्या यादीत कशावर आहे? कॅप्टन म्हणून जिंकलेला १९८७ चा वर्ल्ड कप, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, यावर तुम्ही सगळे सद्गदित झालात. दहा वर्षांनी त्याच ईडनवर बेलिंडाने कप उचलला. २००५ मध्ये पुन्हा, तेव्हा तर फायनलला समोर आपणच होतो. सिडनीच्या मैदानाबाहेर २०२३ मध्ये तिचा पुतळा उभा राहिला. आणि आपण? कुणीतरी ‘हिली’ लिहिलं तेव्हा मी विचारलं, काका इयन की पुतणी अलिसा? वर्ल्ड कप फायनलमध्ये १७० करणारी पुतणीच आहे म्हटलं. पुन्हा तेच हसरे चेहरे.

बरं, जरा जास्तच चिडलो. ती पाचवी की नववी, मलाही ठरवता येत नाही. जुन्या ऑलराउंडरांपैकी मिलरला खाली सरकवायचा जीव होत नाही, डेव्हिडसनही आत हवा. पण दहात ती आहे. ग्रुपवर परत टाकणार आहे, हसा.

आणि कलानगर-एमआयजीकडच्या कुणाकडे त्या दिवसाचा एखादा फोटो असेल तर प्लीज टाका. जाळीपलीकडे मैदानाकडे पाठ करून निघालेली दप्तरवाली पोरं दिसली, तर त्यातला एक मी.