त्रेसष्ट सांगितलं की मूल ३६ का लिहितं

पहिली-दुसरीच्या वर्गात "त्रेसष्ट लिहा" म्हणा आणि पाट्यांवरून नजर फिरवा. काही पाट्यांवर ३६ दिसेल. एखादीवर ६०३ सुद्धा. त्या मुलाला घरी "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून ओरडा बसतो आणि शाळेत तीच संख्या दहा वेळा लिहून आणायला सांगतात. पण यात मुलाचं काही चुकलेलं नसतं. आपण जे बोललो तेच त्याने लिहिलं. 'त्रे' आधी आला, 'सष्ट' नंतर. म्हणजे तीन आधी, सहा नंतर. कानाने जसं ऐकलं तसं हाताने उतरवलं. बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, ही आपल्या भाषेतली अडचण आहे. ती सहा वर्षांच्या पोराच्या माथी मारून आपण मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि अडचण नुसत्या उलट क्रमाची नाही. एकट्या 'सहा'ची रूपं मोठ्याने म्हणून पाहा: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. यात 'सहा' सरळ ऐकू येतो तो फक्त सहासष्टमध्ये. त्याच्या शेजारीच सदुसष्ट बसलाय, तो सातचा. सदतीसमधला 'स' सातचा आणि सव्वीसमधला 'स' सहाचा, हे मुलाने कशावरून ओळखायचं? मग 'एकोण'वाले आठ जण आहेत, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत. 'एकोणचाळीस'मध्ये चाळीस स्वच्छ ऐकू येतं म्हणून मूल ४ लिहितं आणि 'एको' ऐकून पुढे १ लिहितं. झाले ४१. कुणाला त्यात नऊ असतो एवढं आठवतं, तो ४९ लिहितो. दोघांनीही विचार केलेला असतो. बरं, हा नियम शेवटपर्यंत टिकतो असंही नाही. शंभरच्या अलीकडचा एकोणशंभर होत नाही, नव्व्याण्णव होतो.

कन्नडमध्ये ही कटकट नाही. अक्कलकोट, जत भागातली ज्या मुलांच्या घरी कन्नड चालतं ती एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. जसं बोललं तसंच लिहिलं. इंग्रजीत थर्टीन ते नाइन्टीन उलटे आहेत, पण ते सातच. आपल्याकडे जवळजवळ सगळा शतकाचा तक्ता उलटा.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो गदारोळ झाला तो याच मुद्द्यावर होता. पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्यांसाठी 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची भीती वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू असल्याचं त्या वारंवार सांगत होत्या. त्यावर विनोद झाले, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र रोज सकाळी वर्गात तसाच उभा असतो. माझं मत स्पष्ट आहे: 'साठ तीन' हे गणित आहे आणि 'त्रेसष्ट' ही भाषा आहे. मुलाला दोन्ही यायला हवं. पण आधी गणित कळू द्या आणि मग भाषा चढू द्या. आज बहुतेक ठिकाणी उलटं चालतं.

ते प्रत्यक्षात कसं करायचं, यावर जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात काड्यांपासून. जुन्या खराट्याचे हीर घ्या, जाड बाजूचे दहा सेंटिमीटरचे तुकडे करा आणि कापलेली टोकं पॉलिश पेपरवर घासा, नाहीतर बोटांना टोचतात. बारीक शेंड्याचा भाग घेऊ नका, तो रबर लावताना मोडतो. आइसक्रीमच्या काड्या दिसायला छान असतात, पण दहा एकत्र केल्या की गठ्ठा लहान मुठीत मावत नाही आणि काड्या आडव्यातिडव्या सरकतात. चार मुलांच्या गटाला शंभर काड्या पुरेत. दहा मोजून रबर लावायचं काम जोडीने द्या, एकाने गठ्ठा धरायचा आणि दुसऱ्याने रबर गुंडाळायचं. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला हे जमत नाही. त्यात काड्या सांडतात आणि मोजलेलं वाया जातं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बाई किंवा सर आदल्या दिवशी घरी बसून छान गठ्ठे बांधून आणतात. वेळ वाचतो, पण मुलाच्या लेखी तो गठ्ठा म्हणजे एक वस्तू होते, आत दहा आहेत हे त्याने अनुभवलेलंच नसतं. गठ्ठे मुलांनीच बांधायला हवेत आणि सोडायलाही हवेत. बांधलेल्या गठ्ठ्यात नऊ किंवा अकरा निघाले तर ओरडू नका. दुसऱ्या जोडीला तो तपासायला द्या. तपासणं हीसुद्धा मोजणीच आहे. 'एकक-दशक' हे शब्द पहिल्या दिवशी आणायची घाई नको. 'गठ्ठे' आणि 'सुट्टे' म्हणा. सुट्टे म्हणजे काय हे दुकानात जाणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

आणखी एक बारकी गोष्ट. बाई मुलांसमोर उभ्या राहून डाव्या हातात सहा गठ्ठे आणि उजव्या हातात तीन सुट्ट्या काड्या धरतात. मुलांना ते समोरून उलटं दिसतं, सुट्टे डावीकडे आणि गठ्ठे उजवीकडे. भाषेने आधीच उलटा केलेला क्रम आपण हाताने पुन्हा उलटा करतो. म्हणून मुलांकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करा आणि हात वर धरा, किंवा काड्या सरळ जमिनीवर मांडा आणि मुलांना आपल्याच बाजूला बसवा.

मांडून झालं की आधी गठ्ठे मोजायचे: दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ. मग सुट्टे: एक, दोन, तीन. "साठ आणि तीन." एवढं मुलाच्या तोंडून आलं की मग सांगायचं, "याला मोठी माणसं त्रेसष्ट म्हणतात." नाव शेवटी. आधी हातात साठ आणि तीन आलेले आहेत, त्यामुळे त्या नावाला आता चिकटायला जागा असते.

६०३ लिहिणाऱ्या मुलाकडे परत येतो, कारण 'साठ तीन' पद्धतीची खरी अडचण हीच आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. 'साठ तीन' म्हटलं की काही मुलं ६० लिहून शेजारी ३ लिहितात. त्यांनी ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. यावर उपाय म्हणजे एकावर एक ठेवायची कार्डं. जुन्या वह्यांचे पुठ्ठे घ्या. दशकाचं कार्ड आठ सेंटिमीटर रुंद, एककाचं चार, उंची दोन्हींची सारखी. दशकाच्या कार्डावर डाव्या अर्ध्या भागात ६ आणि उजव्या अर्ध्या भागात ०. त्या शून्यावर ३ चं कार्ड ठेवलं की ६३ दिसतात, आणि उचललं की खाली शून्य तसंच असतं. शून्य नेमकं अर्ध्यात नसेल तर त्याची कड बाहेर डोकावते आणि मुलं गोंधळतात, म्हणून आधी पट्टीने रेघ आखून घ्या. हा खेळ हाताने पुरेसा झाला की ६०३ लिहिणं बंद होतं, कारण साठचं शून्य कुठे गेलं हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

'एकोण'साठी मण्यांची माळ लागते. शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, असं आलटून पालटून. दोरा नायलॉनचा घ्या आणि मुठीएवढा ढिला ठेवा. गच्च ओवली तर मणी सरकत नाहीत आणि माळ नुसती शोभेची होते. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन खिळ्यांना बांधा. कपड्यांचा चिमटा चाळिसाव्या मण्यानंतर लावा आणि मग एक मणी मागे आणा. "चाळीसला किती कमी?" "एक." 'एकोण' म्हणजे 'एक ऊन', आणि इथे 'ऊन' म्हणजे उणा, कमी. एक उणा चाळीस, तोच एकोणचाळीस. उणे हा शब्द मुलं पुढे वजाबाकीत ऐकणारच आहेत. एकदा ही फोड कळली की आठही एकोण एकाच दिवसात हाती येतात, आठ वेगळी नावं घोकावी लागत नाहीत. चिमटा नेहमी मण्याच्या पुढे लावा, मण्यावर नको. मण्यावर लावला तर तो मणी धरायचा की सोडायचा यावरच भांडण होतं.

आता उजळणी. मी उजळणीच्या विरोधात अजिबात नाही. नावं तोंडात बसायला ती हवीच. पण एक ते शंभर एका सुरात म्हणणाऱ्या मुलाला "सत्तावन्ननंतर काय?" विचारा. ते पन्नासपासून, कधी थेट एकपासून सुरू करतं. त्याला चाल पाठ असते. म्हणून उजळणी दशकादशकाने तोडा, मधूनच सुरू करा, उलटी म्हणवून घ्या.

क्रमसुद्धा बदला, असं मी आग्रहाने सांगेन. वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी या घरांत दशकाचं नाव साबूत राहतं: बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. ही चार घरं आधी घ्या. मग साठचं, तिथे साठचा 'सष्ट' होतो, पण सगळीकडे सारखाच. मग सत्तरचं 'हत्तर' आणि नव्वदचं 'ण्णव'. पन्नासचं घर सगळ्यात शेवटी, कारण तिथे एक्कावन्न, बावन्न म्हणता म्हणता मध्येच त्रेपन्न, चोपन्न येतं, पंचावन्नला परत 'वन्न', छप्पन्नला परत 'पन्न'. पन्नास कुठेच पुरता ऐकू येत नाही. आपण मात्र पन्नास हे साठच्या आधी येतं एवढ्याच कारणाने ते आधी शिकवतो आणि निम्मा वर्ग तिथेच अडकतो.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्र सरकारी अभियानाच्या उद्दिष्टांनुसार पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता यायला हव्यात. त्या दडपणाखाली काड्या बाजूला पडतात आणि वहीत एक ते शंभर लिहून घेणं सुरू होतं. वही भरलेली दिसते. पण दुसरीत ५२ वजा २७ आलं की ३५ उत्तर येतं, कारण मूल सातातून दोन काढतं. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला माहीत असतं. काड्यांवर हे होऊ शकत नाही. पाच गठ्ठे, दोन सुट्टे. सात सुट्टे द्यायचेत, जवळ दोनच आहेत. मुलं स्वतःच म्हणतात, "बाई, एक गठ्ठा सोडू का?" रबर निघतं, बारा सुट्टे होतात, त्यातले सात जातात, पाच उरतात. मग चार गठ्ठ्यांतले दोन द्यायचे. पंचवीस. हा प्रश्न मुलाच्या तोंडून यायच्या आत फळ्यावर पाचावर काट मारून वर चार लिहायला शिकवू नका.

रोजच्यासाठी सगळ्यात सोपा उपक्रम म्हणजे दिवसाची काडी. परिपाठ झाला की शाळेच्या दिवसाची एक काडी सुट्ट्यांच्या डब्यात. दहाव्या दिवशी गठ्ठा बांधून शेजारच्या डब्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते, म्हणजे वर्षभरात शंभरचा मोठा गठ्ठा बांधायची वेळ दोनदा येते. यात रोजची दोन मिनिटं जातात. पैशांचा खेळही चांगला, पण गठ्ठ्यांच्या नंतर. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात.

चूक ओळखायची एक युक्ती पालकांनीही लक्षात ठेवावी. छत्तीसला ६३ लिहिलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात, छत्तीसचा आकडा म्हणतात तो यावरूनच. त्यामुळे मुलाने ध्वनी उलटा उतरवला की अंकच आरशातल्यासारखे काढले, हे या एका संख्येवरून कळत नाही. सत्तेचाळीस लिहायला सांगा. ७४ आले तर घोळ ऐकण्याच्या क्रमाचा आहे, त्यावर काड्या आणि कार्डं. ४७ बरोबर आले तर घोळ आकाराचा आहे, त्याला वाळूत आणि फळ्यावर मोठे ३ आणि ६ गिरवायला द्या. आणि उत्तराबरोबर पेन्सिलही पाहा. काही मुलं उजवीकडे आधी ७ लिहितात आणि मग डावीकडे जागा शोधून ४ लिहितात. उत्तर बरोबर, म्हणून आपण पुढे जातो. हेच मूल तिसरीत तीन अंकी संख्या लिहिताना अडखळतं, कारण 'दोनशे सत्तेचाळीस'मध्ये २ डावीकडून आणि ७ उजवीकडून लिहावा लागतो आणि मध्ये जागा किती सोडायची ते कळत नाही.

शिक्षक मित्रमैत्रिणींना एक मागणं आहे. पहिलीच्या चाचणीत तोंडी प्रश्न विचारताना ६३ दाखवल्यावर मुलाने "साठ तीन" म्हटलं तर पूर्ण गुण द्या आणि शेजारी नोंद करा की नाव यायचंय. 'अक्षरात लिहा' हा प्रश्न पहिलीत वीसपर्यंतच ठेवा. जे मूल जोडाक्षरं अजून शिकतंय त्याला 'चौऱ्याण्णव' लिहायला लावून आपण गणिताचे गुण कापतो. तो प्रश्न मराठीच्या पेपरात, दुसरीच्या अखेरीस विचारा.