आत्याच्या लेखाचे शून्य डॉलर

गेल्या श्रावणात माझ्या आत्याने आयुष्यातला पहिला लेख इंटरनेटवर टाकला. वय ६८, महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त, राहायला काळाचौकीला. तिला तिथे नेणारा मीच. लेखाला जी मतं पडतात त्यावर क्रिप्टोमध्ये मोबदला मिळतो, अशा हाइव्ह नावाच्या एका ठिकाणी मी काही वर्षं लिहितोय. तिला म्हटलं, आत्या, वह्या भरून ठेवण्यापेक्षा इथे लिही, चार पैसेही सुटतील. हे 'चार पैसे' मला अजून बोचतात.

तिने आजीच्या खाणावळीवर लिहिलं. आजीकडे गिरणीतले बावीस जण जेवायचे, बहुतेक कोकणातले, काही साताऱ्याकडचे. पाळ्यांप्रमाणे पंगती. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशेबाची वही आत्याकडे. कोण किती दिवस जेवला, कोणाचे किती खाडे, महिन्याची बाकी किती. खाड्याचे पैसे आजी न मागता वजा करायची, आणि बदली कामगार असो नाहीतर जॉबर असो, भाकरीचा आकार एकच. लेखाच्या शेवटी वहीतली जानेवारी १९८२ नंतरची पानं आहेत. १८ जानेवारीला संप सुरू झाला, पुढच्या पानांवर बाकीचा रकाना नुसता वाढत जातो आणि जमेचा रकाना कोरा. ती बाकी आजीने कधी मागितली नाही. आत्याने पानांचे फोटो काढून लेखात घातले. बोटांच्या तेलाचे डाग आहेत त्यावर.

मोबदला सातव्या दिवशी जमा होतो. आठव्या दिवशी तिचा फोन आला. "अरे, शून्य दाखवतंय. कोणी वाचलं नाही का रे?"

वाचलं होतं. सहा जणांनी मतंही दिली होती. पण ती सगळी नवी, छोटी खाती. त्यांच्या मतांची बेरीज दोन सेंटांपर्यंत पोचली नाही, आणि दोन सेंटांच्या खालचा मोबदला दिलाच जात नाही. त्याच आठवड्यात मरीन ड्राइव्हच्या सूर्यास्ताचा एक फोटो आणि खाली तीन ओळी, एवढ्यावर एका खात्याला चाळीस डॉलर मिळाले. त्या पोस्टखाली एकही प्रतिक्रिया नव्हती. मतं ठरलेल्या वेळी आपोआप पडली होती.

हे असं का होतं ते नीट सांगतो, कारण क्रिप्टो म्हटलं की लोक एकतर हरखून जातात नाहीतर हात झटकतात. ही कल्पना २०१६ मध्ये स्टीम या ब्लॉकचेनने, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या नोंदींच्या साखळीने, पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर राबवली. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर हे तिचे संस्थापक. २०२० मध्ये तिच्यातूनच हाइव्ह फुटून निघाली. साखळी रोज ठराविक नवी नाणी पाडते. हाइव्हवर त्यातला सुमारे ६५ टक्के हिस्सा लेखक आणि मत देणारे यांच्या सामाईक थैलीत जातो. तुमचं मत म्हणजे त्या थैलीवरचा दावा. तो केवढा, ते तुम्ही किती नाणी गुंतवून ठेवली आहेत त्यावर ठरतं. त्यामुळे मोठ्या खात्यांना तिथे व्हेल म्हणतात आणि आत्यासारख्यांना प्लँक्टन.

यातली कळीची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. थैली एकच आहे. वरून कोणी पैसे टाकत नाही. सूर्यास्ताला गेलेले चाळीस डॉलर सगळ्या लिहिणाऱ्यांच्या वाट्यातून थोडे थोडे कापून गेलेले असतात.

आता माझं. आत्याचा फोन ठेवल्यावर मी माझं वॉलेट उघडलं. वर्षभर मी माझी सगळी पॉवर, म्हणजे गुंतवलेल्या नाण्यांमुळे मिळणारं मताचं वजन, आपोआप मतं देणाऱ्या एका ऑटोव्होट सेवेला डेलिगेट केली होती, म्हणजे वापरायला दिली होती. ती सेवा माझ्या पॉवरने कोणाकोणाला मतं द्यायची, बदल्यात माझ्या रोजच्या पोस्टला मत द्यायची, शिवाय वर थोडा परतावा. मी काहीही टाकलं तरी पैसे यायचे. कधी पावसाचा फोटो, कधी वडापावचा. त्या वर्षात मी दुसऱ्याचा लेख वाचून मत दिलं असं एकदाही झालं नाही, कारण द्यायला हातात मतच उरलं नव्हतं. आत्याचा लेख आला तेव्हासुद्धा माझं मत नगण्य होतं. ते मी भाड्याने दिलं होतं. सूर्यास्तवाल्याचं आणि माझं यात काही फरक नव्हता, आणि हे मला आठव्या दिवशी कळलं याची लाज वाटते.

ज्याची नाणी जास्त त्याचं मत जड, हा नियमच मुळात अन्यायाचा आहे, असं काही मित्र म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. आमच्या सोसायटीत एका सभासदाचे तीन फ्लॅट आहेत, पण सर्वसाधारण सभेत त्याचं मत एकच, कारण सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे. तिथे हे चालतं, कारण माणूस समोर बसलेला दिसतो, रजिस्टरवर सही असते. इंटरनेटवर एकच जण रात्रीतून हजार खाती उघडेल. प्रत्येक खात्याला सारखं मत दिलं तर थैली सकाळपर्यंत रिकामी. म्हणून मताला नाण्यांचं वजन जोडलं. अडचण खरी होती, त्यावरचा उपायही समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत कोणीतरी मोजतंय आणि ती कोण मोजतंय हे बोललं पाहिजे.

स्टीमच्या मूळ श्वेतपत्रिकेत, म्हणजे ती कशी चालेल ते मांडणाऱ्या दस्तऐवजात, चक्क खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट आहे. आपण ती गोष्ट आयुष्यभर मराठी माणसाला टोमणा म्हणून ऐकत आलो. तिथे ती उलट वापरली आहे: एखादा स्वतःलाच मतं देऊन वर चढू लागला तर बाकीचे खेकडे त्याला खाली ओढतील आणि हिशेब सरळ राहील. कागदावर पटतं. प्रत्यक्षात खाली ओढायचं म्हणजे डाउनव्होट, मोबदला कमी करणारं उलटं मत, द्यायचा, आणि मोठ्या खात्याला डाउनव्होट दिला की तो तुमच्या पुढच्या दहा लेखांवर सूड काढणार. मग कोण हात घालतो? ऑगस्ट २०१९ मध्ये नियम बदलले. थोडे डाउनव्होट फुकट दिले आणि लेखकाचा ७५ टक्के वाटा ५० वर आणून उरलेला अर्धा मत देणाऱ्याला दिला. हेतू असा की चांगलं शोधून वाचणाऱ्याला फायदा व्हावा. उघडपणे मतं विकणाऱ्या बॉटचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांचा, धंदा त्यानंतर बराच बसला. पण मत देण्यातच कमाई आहे म्हटल्यावर लोकांनी शोधणं सोडलं आणि ज्यांना हमखास मतं पडतात त्यांच्यावरच आपलं मत लावून ठेवलं. वाचायची गरज तिथेही उरली नाही.

२०२० चा मार्च तर ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो साखळीचा संस्थापक जस्टिन सन याने स्टीममागची स्टीमिट कंपनी विकत घेतली होती, आणि नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या काही मोठ्या एक्स्चेंजनी ग्राहकांनी विश्वासाने ठेवलेली नाणी वापरून साखळीचे विटनेस, म्हणजे ती चालवणारे निवडलेले लोक, बदलायला मतं दिली. ज्याचं नाणं त्याला पत्ताच नाही. २० मार्चला लोक उठून हाइव्हवर गेले. दुसऱ्याचं मत आपण वापरलं याचा एवढा संताप झाला की अख्खी वस्ती हलली. मग आपलं मत आपण रोज न वाचता, न बघता दुसऱ्याच्या हाती देतो त्याचं आपल्याला काहीच कसं वाटत नाही, हा प्रश्न मला छळतो.

"पैसा आमचा, जोखीम आमची, मत कुठे द्यायचं ते आम्ही ठरवू," असं मला परवा एकाने सुनावलं. गुंतवणुकीचा परतावा हवा असेल तर त्यात गैर काही नाही. हाइव्हवर नव्या नाण्यांतले १५ टक्के नुसती नाणी गुंतवून ठेवणाऱ्यांना वेगळे मिळतातच. ते खुशाल घ्या. पण लेखनासाठी ठेवलेल्या थैलीतून व्याज काढायचं आणि त्यावर लेखाचा मोबदला अशी चिठ्ठी चिकटवायची, हे मला मान्य नाही. खाणावळीत न जेवता ताट उचलून नेल्यासारखं आहे ते. आजीने अशा माणसाला दारात उभं केलं नसतं.

डेलिगेशन मी काढून घेतलं. काही दिवसांत पॉवर परत आली. कमाई एका आठवड्यात इतकी घसरली की बायकोने विचारलं, काही बिघडलंय का. आता दिवसाला जी दहा पूर्ण मतं देता येतात त्यातली चार-पाचच वापरली जातात, कारण ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये तेवढंच वाचून होतं. स्वतःच्या लेखाला मत देत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे थोडीफार पॉवर आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे, निदान आठवड्याला दोन मतं तरी आपल्या डोळ्यांनी वाचून द्या, आणि त्यातलं एक नव्या माणसाला द्या. तुमचा परतावा किती कमी होईल ते मोजून बघा. मी मोजलाय, महिन्याला दोन कटिंगचे पैसे.

आत्याच्या त्या लेखाचं शून्य आता बदलणार नाही. सात दिवस उलटले की दार बंद. पण तिने लिहिणं सोडलं नाही. रविवारी गेलो तेव्हा चष्मा नाकावर ओढून, फोन उशीला टेकवून ती नाशिकच्या एका मुलाचा द्राक्षबागेवरचा लेख वाचत होती. खाली लांबलचक प्रतिक्रिया लिहिली, छाटणीबद्दल दोन प्रश्न विचारले, त्याचे दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि मग मत दिलं. स्क्रीनवर त्या मताची किंमत ०.०० आली. तिने तिकडे पाहिलंही नाही, पुढचा लेख उघडला. दिवसाची दहाच्या दहा मतं ती वापरते.