रोज एक चमचा मीठ टाकून टँक समुद्री होत नाही हो

सध्या माशांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. म्हणे घरातल्या गोल्डफिशच्या टँकचं पाणी काढायची गरजच नाही, रोज एक चमचा मीठ टाका, आठवड्याभरात टँक समुद्री. जुन्या माशांना हळूहळू सवय होते, फिल्टर तोच चालतो, मग निमो (म्हणजे क्लाउनफिश, हा समुद्री मासा) आणून सोडा, पाणी आटलं की मिठाचं पाणी ओता, आणि जमलं तर चौपाटीवरून कॅन भरून आणा म्हणजे मीठही वाचेल. खाली लोक लिहितायत, "करून बघितलं, मासे मस्त आहेत".

मासे मस्त असणारच, चमच्याचा हिशोब करून बघा. २ फुटी टँकमधे ग्रॅव्हल (तळाची खडी) वगैरे सोडून साधारण ५० लिटर पाणी बसतं. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणजे या टँकला पावणेदोन किलो लागतील. चहाचा चमचा ५-६ ग्रॅमचा, सात दिवसांचे झाले चाळीसेक ग्रॅम, लिटरला १ ग्रॅमसुद्धा नाही! गोल्डफिश अजून गोड्या पाण्यातच पोहतोय, त्याला काय होणार. मरणार तो बिचारा नंतर आणलेला निमो, आणि शिव्या खाणार दुकानदार.

बरं, समजा कोणी खरंच पावणेदोन किलोपर्यंत गेला, तर "सवय होते" हे कितपत खरं? गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी सारखं आत शिरतं आणि त्याची किडनी ते पातळ लघवीवाटे बाहेर फेकत बसते. समुद्री माशाचं नेमकं उलटं, त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जातं म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. ही यंत्रणा गोल्डफिशकडे नाहीच, मग सवय कशाची लावणार, आठवडा द्या नाहीतर वर्ष द्या. मॉली नावाच्या माशाला मात्र हे जमतं, तिला हळूहळू पूर्ण खाऱ्या पाण्यात नेता येतं, गप्पीलाही बऱ्यापैकी. बहुतेक कोणीतरी मॉलीचं बघितलं आणि ते सगळ्या माशांच्या गळ्यात मारलं.

आणि कुठलं मीठ ते मेसेजमधे नाहीच. स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम, शिवाय पोटॅशियम, सल्फेट, आणि पीएच ८.१-८.३ वर धरून ठेवणारे बायकार्बोनेट असतात. त्यासाठी मरीन सॉल्ट मिक्स मिळतं, ते वेगळ्या बादलीत आरओच्या पाण्यात कालवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं यंत्र) मोजायचं. चव बघून नाही.

"फिल्टर तोच चालतो" हे अर्धं खरं. पंप चालेल, काच चालेल, हीटर चालेल. पण फिल्टरमधले माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया गोड्या पाण्यातले, पूर्ण खारटपणात त्यांचं काम थांबतं आणि सायकल, म्हणजे हे बॅक्टेरिया वाढवायचं काम, नव्याने करावी लागते, साधारण ४ ते ६ आठवडे, तेही मासा न सोडता. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त, आणि तेवढाच अमोनिया पीएच ७ पेक्षा ८.२ ला दहापटीहून जास्त विषारी रूपात असतो, म्हणून इथे घाई गोड्या टँकपेक्षा महाग पडते. रंगीत ग्रॅव्हल, लाकूड, झाडं सरळ काढा. पूर्वी त्या टँकमधे तांब्याचं औषध टाकलं असेल तर श्रिम्प (कोळंबी) आणि कोरलचा (प्रवाळ) विचार सोडा.

पाणी आटल्यावर मिठाचं पाणी ओतायचं हे तर उलटंच सांगितलंय. वाफ पाण्याची होते, मीठ टँकमधेच राहतं, त्यामुळे रोजची भर साध्या आरओ पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना, जेवढं काढलं तेवढं.

चौपाटीच्या पाण्याबद्दल काय बोलावं. किनाऱ्याला सांडपाणी, गाळ, तेल, आणि पावसाळ्यात खारटपणा किती खाली गेलाय ते मोजल्याशिवाय कळत नाही. हॅचरीवाले (माशांची पैदास करणारे) समुद्राचं पाणी वापरतात हे खरं, पण गाळून, निर्जंतुक करून, तपासून. कॅनमधे भरून लोकलने आणलेलं नाही.

याच मेसेजच्या एका कॉपीत शेवटी "मालवणला गेलात तर कोरलचा तुकडा आणा, टँक शोभून दिसतो" असंही जोडलंय. सरळ गुन्हा आहे तो. रीफ बांधणारे कोरल आणि सगळे समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधे आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. क्लाउनफिशसाठी समुद्र ओरबाडायची गरजही नाही, त्यांची पैदास आपल्याकडे हॅचरीत होते, सीएमएफआरआय या सरकारी सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते करून दाखवलंय. दुकानात विचारायचं, हॅचरीचा आहे का आणि पेलेट (कोरडं दाणेदार खाणं) खातो का, आणि पेलेट समोर टाकून दाखवायला लावायचं.